एकओळी आज्ञा, युनिक्समधील

एकओळी आज्ञा, युनिक्समधील : युनिक्स या परिचालन प्रणालीत (संगणकाची साधने व त्यांवर चालणारी कामे यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत) अनेक लहान आज्ञा एकाच ओळीत एकमेकींना जोडून फाइलींची व चालू प्रक्रियांची व्यवस्था लावण्याची जी रीत आहे, तिला एकओळी आज्ञा असे म्हणतात. फाइली शोधणे, त्यांची वर्गवारी करणे, त्यांची प्रत करणे किंवा त्या काढून टाकणे, तसेच यंत्रावर कोणती कामे चालू आहेत हे पाहून त्यांतील नको असलेले थांबविणे, ही कामे स्वतंत्र आज्ञावली न लिहिता या रीतीने करता येतात. ही रीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या न्यू जर्सी राज्यातील मरी हिल येथील संशोधन विभागात १९६९ ते १९७९ या दशकात घडली. प्रस्तुत नोंदीत आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत; यंत्रास ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.

पूर्वपीठिका : बेल प्रयोगशाळा, मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी मल्टिक्स नावाची एक मोठी कालविभाजन प्रणाली संयुक्तपणे हाती घेतली होती. तिला अपेक्षेहून अधिक वेळ व खर्च लागू लागल्याने बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये तीतून बाहेर पडली. तेथील केन टॉम्पसन (१९४३– ) यांनी त्याच वर्षी पीडीपी-७ या जुन्या लहान संगणकावर एक साधी प्रणाली उभी केली. डेनिस रिची (१९४१–२०११) व इतर सहकारी तीत लवकरच सामील झाले. मल्टिक्समधील काही कल्पना या प्रणालीने घेतल्या, मात्र तिचा पसारा घेतला नाही. १९७१ मध्ये ती पीडीपी-११/२० या यंत्रावर आली, तेव्हा त्या यंत्राची स्मृती अवघी २४ हजार बाइट असून चकतीची क्षमता सुमारे पाच लाख बाइट होती. युनिक्समधील आज्ञा लहान का, याचे उत्तर पुष्कळदा तत्त्वज्ञानात शोधले जाते; त्यातील मोठा वाटा या अपुऱ्या स्मृतीचा आहे, हे विसरून चालत नाही.

आज्ञांची नावेही त्या काळच्या साधनांनी ठरविली. वापरकर्ते टेलिटाइप ३३ या दूरमुद्रकापुढे बसत. त्याचा वेग सेकंदाला दहा अक्षरांचा असे व कळा जोराने दाबाव्या लागत. त्यामुळे यादी दाखविणाऱ्या आज्ञेचे नाव ‘एलएस’, प्रत करणारीचे ‘सीपी’, काढून टाकणारीचे ‘आरएम’ असे दोन-दोन अक्षरांत आटोपले. काम बिनचूक झाले, तर आज्ञा काहीच बोलत नाही, हा युनिक्सचा दुसरा विशेष. कागदावर सावकाश उमटणारी अनावश्यक ओळ कोणालाच नको होती. हे मौन पुढे अत्यंत उपयुक्त ठरले, कारण एका आज्ञेचे प्रदान दुसरीचे आदान होऊ लागले, तेव्हा त्यात सौजन्यपर वाक्यांची भेसळ नव्हती.

वापरकर्त्याने लिहिलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या आज्ञावलीस शेल किंवा कवच म्हणतात. ही संज्ञा मल्टिक्सच्या काळात लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ञाने रूढ केली. युनिक्समध्ये शेल हा प्रणालीच्या गाभ्याचा भाग नसून इतरांसारखीच एक साधी आज्ञावली आहे. ती प्रत्येक आज्ञेसाठी स्वतःची प्रतिकृती निर्माण करते व ती प्रतिकृती मग मागितलेल्या आज्ञावलीचे रूप घेते. यांपैकी पहिल्या क्रियेस ‘फोर्क’ म्हणतात. पीडीपी-७ वर ती असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळींत साधली होती, असे रिची यांनी नमूद केले आहे. या बदलाची एक गंमतीदार फलश्रुती झाली. निर्देशिका बदलणारी आज्ञा एकाएकी निरुपयोगी झाली, कारण ती आता प्रतिकृतीत चाले, प्रतिकृतीची निर्देशिका बदले आणि प्रतिकृती लगेच संपुष्टात येई. मूळ शेल जागचे हलत नसे. तेव्हापासून ही आज्ञा शेलच्या अंगभूत ठेवावी लागली. ओळीच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह लिहिले की शेल आज्ञा संपण्याची वाट न पाहता पुढची ओळ मागते; म्हणजे काम पार्श्वभूमीवर चालू राहते. फोर्क हाती आल्यावर ही सोय जवळजवळ फुकटच मिळाली.

नळीचा शोध : संशोधन विभागाचे प्रमुख डग्लस मॅकिलरॉय (१९३२– ) यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी, म्हणजे युनिक्सच्या जन्माच्या पाच वर्षे आधी, एका अंतर्गत टिपणात अशी इच्छा व्यक्त केली होती की, बागेतील पाण्याच्या नळीला जसा दुसरा तुकडा फिरवून बसविता येतो, तशा आज्ञावली एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. युनिक्स आल्यावर ते हा आग्रह वारंवार धरीत व निरनिराळ्या लेखनपद्धती सुचवीत. पण त्यांतली एकही सहकाऱ्यांना पुरेशी सुटसुटीत वाटत नसे. अखेरीस जानेवारी १९७३ मध्ये टॉम्पसन यांनी एका रात्रीत ही सोय प्रणालीच्या गाभ्यात व शेलमध्ये बसविली आणि तिचा उपयोग व्हावा म्हणून बऱ्याच आज्ञा प्रमाण आदान वाचतील अशा दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी सारा विभाग एका ओळीत काय काय करता येते याच्या चढाओढीत रमला होता, अशी मॅकिलरॉय यांची आठवण आहे. एकओळी आज्ञांची जन्मतिथी सांगायचीच झाली, तर ती हाच दिवस होय. फेब्रुवारी १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात नळीची नोंद आली. डार्टमथ महाविद्यालयाच्या कालविभाजन प्रणालीत ‘संपर्क फाइली’ या नावाने याहूनही व्यापक सोय आधीच होती. तथापि तिचा असा रोजचा वापर झाला नाही.

आरंभी नळीसाठी ‘>’ हेच फाइलीकडे वळविण्याचे चिन्ह दुहेरी अर्थाने वापरीत आणि त्यामुळे ओळ वाचताना घोटाळा होई. लंडन येथे व्याख्यान द्यावयाचे असता असले ओबडधोबड लेखन लोकांपुढे मांडणे टॉम्पसन यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी ‘|’ हे उभे चिन्ह योजिले. मराठी वाचकास ते पोथीतील दंडासारखे दिसते; मात्र दंड वाक्य तोडतो आणि हे चिन्ह दोन आज्ञा जोडते.

नळीच्या दोन्ही टोकांच्या आज्ञा एकाच वेळी चालू असतात. सहाव्या आवृत्तीत (१९७५) नळीत ४,०९६ बाइट मावत. ती भरली की लिहिणारी प्रक्रिया निद्रिस्त होते, रिकामी झाली की वाचणारी थांबते आणि ही सगळी देखरेख गाभा करतो. वाचणारी मधूनच संपली, तर लिहिणारीस एक संकेत जाऊन तीही संपते. त्यामुळे लाखो ओळींच्या यादीतील पहिल्या दहाच हव्या असतील, तर उरलेल्यांचे काम पुष्कळदा होतही नाही. यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे फळ तात्पुरत्या फाइलीत साठवून ती पुढे स्वहस्ते काढून टाकावी लागे आणि लहानशा चकतीवर तेवढी जागाही नसे.

चुकांच्या सूचनांसाठी वेगळी वाट हवी, हे मागाहून लक्षात आले. प्रकाशजुळणी यंत्राकडे मजकूर धाडला असता फाइल न उघडल्याची तक्रारच सुबक टंकात जुळून बाहेर आल्याचे प्रसंग घडले. मग प्रमाण आदान व प्रमाण प्रदान यांच्या जोडीला ‘प्रमाण त्रुटी’ हा तिसरा मार्ग निर्माण करण्यात आला.

गाळण्या : आदान वाचून त्यात काही बदल करून प्रदान करणाऱ्या आज्ञेस गाळणी म्हणतात. नळी आल्यावर गाळण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘ग्रेप’ ही होय. ली मॅकमहन यांना फेडरलिस्ट पेपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १७८७-८८ मधील ८५ निबंधांपैकी वादग्रस्त निबंधांचे लेखक शब्दांच्या वापरावरून निश्चित करावयाचे होते. हा मजकूर ‘ईडी’ या संपादकाच्या स्मृतीत मावेना. तेव्हा टॉम्पसन यांनी संपादकातील शोधाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र आज्ञा केली. तिचे नाव संपादकातील ‘सर्वत्र, ही नियमित पदावली, छापा’ या अर्थाच्या सूत्राच्या आद्याक्षरांवरून पडले. पुढे खुद्द मॅकमहन यांनी ‘सेड’ हा प्रवाही संपादक लिहिला. १९७७ मध्ये आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहॅन यांनी ‘ऑक’ ही लहानशी भाषा निर्माण केली. तिच्यामुळे ओळीतील स्तंभ वेगळे करून बेरजा घेणे एका ओळीत शक्य झाले. एकओळी आज्ञांपैकी फार मोठा भाग आजही ऑकच्याच आधारावर उभा आहे. स्टीफन जॉन्सन यांनी १९७५ मध्ये शुद्धलेखन तपासनीस केला, तो म्हणजे जवळजवळ एक नळीमालिकाच होती. तीत मजकुराचे शब्द सुटे करावे, वर्णानुक्रमे लावावे, पुनरावृत्ती काढावी आणि शब्दकोशाच्या यादीशी ताडून जे तीत नाहीत तेवढे छापावे, एवढीच योजना होती. मॅकिलरॉय यांनी पुढे त्याचे शास्त्रशुद्ध रूप सिद्ध केले. बेल प्रयोगशाळेने १९८२ मध्ये काढलेल्या माहितीपटात कर्निहॅन हेच उदाहरण करून दाखवितात.

नूथ व मॅकिलरॉय : या पद्धतीची सर्वांत गाजलेली कसोटी १९८६ मध्ये लागली. कम्यूनिकेशन्स ऑफ द एसीएम या मासिकात जॉन बेंटली हे एक सदर चालवीत. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे ठराविक संख्येचे शब्द त्यांच्या वारंवारतेसह छापावे, असा प्रश्न त्यांनी डॉनल्ड नूथ यांना घातला. नूथ यांनी स्वतः पुरस्कारिलेल्या साहित्यिक आज्ञालेखन पद्धतीने अनेक पाने व्यापणारी, स्पष्टीकरणाने नटलेली व कौशल्यपूर्ण विदा-रचना असलेली आज्ञावली सादर केली. समीक्षक म्हणून निमंत्रित केलेल्या मॅकिलरॉय यांनी तिची मनःपूर्वक स्तुती केली आणि मग तेच काम सहा आज्ञांच्या मालिकेत करून दाखविले : पहिली ‘टीआर’ अक्षरे नसलेल्या प्रत्येक चिन्हसमूहाच्या जागी नवी ओळ घालते, दुसरी ‘टीआर’ मोठी अक्षरे लहान करते, ‘सॉर्ट’ सारखे शब्द शेजारी आणते, ‘युनिक’ शेजारचे सारखे शब्द मोजून एकेकच ठेवते, पुन्हा ‘सॉर्ट’ त्यांस संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावते, आणि ‘सेड’ हव्या तेवढ्या ओळी छापून थांबते.

हा प्रसंग अनेकदा नूथ यांचा पराभव म्हणून सांगितला जातो. ते न्याय्य नाही. त्यांना उत्तराइतकीच लेखनपद्धती दाखविण्याची विनंती होती व त्यांची आज्ञावली कोणत्याही अन्य साधनावर अवलंबून नव्हती. मॅकिलरॉय यांचे सहा शब्द मात्र आधीच लिहिलेल्या व वर्षानुवर्षे वापरून घोटलेल्या आज्ञावल्यांवर उभे होते. तथापि नेमका हाच त्यांचा मुद्दा होता. ज्याला उद्या सकाळपर्यंत उत्तर हवे आहे, त्याने पूर्वीच्यांचे श्रम पुन्हा का करावे, या प्रश्नास नूथ यांच्या आज्ञावलीत उत्तर नाही.

फाइलींची व्यवस्था : फाइली नावाने, वयाने, आकाराने वा मालकाने शोधणारी ‘फाइंड’ ही आज्ञा डिक हाइट यांनी प्रोग्रामर्स वर्कबेंच या बेल प्रयोगशाळेतीलच शाखेसाठी लिहिली. तिची लेखनपद्धती इतर आज्ञांशी जुळत नाही व संशोधन विभागातील मंडळींस ती कधी फारशी रुचली नाही, पण तिच्यावाचून कोणाचे चालले नाही. सापडलेल्या प्रत्येक फाइलीवर एखादी क्रिया करावयाची, तर फाइंड प्रत्येक वेळी नवी प्रक्रिया सुरू करी; हजारो फाइली असता हे फार सावकाश होई. उलट सर्व नावे एकाच आज्ञेस एकदम द्यावीत, तर त्यांच्या एकूण लांबीवर मर्यादा होती. सातव्या आवृत्तीत (१९७९) ती ५,१२० बाइट होती. याच अडचणीवर ‘एक्सआर्ग्ज’ ही आज्ञा वर्कबेंच शाखेत निघाली : नळीतून येणारी नावे ती मर्यादेत बसतील एवढ्या गठ्ठ्यांनी पुढच्या आज्ञेस देते.

या जोडीत एक दोष दडलेला होता. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ व शून्य बाइट सोडून कोणतेही चिन्ह चालते, अगदी मोकळी जागा व नवी ओळसुद्धा. एक्सआर्ग्ज मात्र मोकळी जागा दिसली की नाव संपले असे मानते. ‘जुनी पत्रे’ या नावाची फाइल काढून टाकावयाची असता ‘जुनी’ आणि ‘पत्रे’ या दोन वेगळ्याच फाइली काढण्याचा यत्न होतो व त्या असतील तर जातातही. नावांच्या मध्ये शून्य बाइट घालण्याची तोड ग्नू प्रकल्पाने केली. ती इतकी उघड व आवश्यक असूनही पॉझिक्स या मानकात २०२४ च्या आवृत्तीत आली.

निर्देशिकांचा संपूर्ण वृक्ष एका जागेहून दुसरीकडे नेण्यासाठी ‘टार’ या मूळच्या फीत-लेखक आज्ञेचा वापर ही जुनी युक्ती आहे. एक टार वृक्षाची गुंडाळी करून ती नळीत सोडते. दुसरी टार नव्या निर्देशिकेत जाऊन ती उलगडते. मधल्या टप्प्यात दुसऱ्या यंत्राकडे नेणारी आज्ञा घातली, तर हेच काम दोन संगणकांत होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. नव्या निर्देशिकेत जाण्याची आज्ञा व उलगडण्याची आज्ञा यांमध्ये अर्धविराम असेल, तर पहिली फसली तरी दुसरी चालतेच आणि गुंडाळी मूळ फाइलींवरच उलगडू लागते. अर्धविरामाऐवजी ‘&&’ लिहिल्यास दुसरी आज्ञा पहिली यशस्वी झाल्यावरच सुरू होते.

याहून मोठा धोका ‘आरएम’ चा. काढून टाकलेली फाइल युनिक्स परत देत नाही व सामान्यतः खात्रीही विचारीत नाही. `आरएम *.ओ` याचा अर्थ ‘ओ’ ने संपणाऱ्या फाइली काढा असा होतो. पण चुकून `आरएम * .ओ` अशी एक मोकळी जागा पडली, तर निर्देशिकेतील साऱ्या फाइली जातात आणि मग ‘.ओ नावाची फाइल नाही’ एवढी तक्रार उमटते. ‘*’ या चिन्हाचा विस्तार शेल करते. आरएमच्या हाती केवळ नावांची यादी पडते. वापरकर्त्याने दोनशे नावे स्वतः लिहिली की एक तारा, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. ही रचना इतरत्र सोयीची आहे, कारण प्रत्येक आज्ञेस ताऱ्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. त्या सोयीचे मोल येथे द्यावे लागते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द युनिक्स-हेटर्स हँडबुक या उपहासपर ग्रंथात अशा गाऱ्हाण्यांचा मोठा संग्रह आहे.

टॉय स्टोरी २ या चित्रपटाचे काम चालू असता १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत अशीच एक आज्ञा चित्रपटाच्या मुख्य निर्देशिकेत चालली. पात्रे व दृश्ये एकामागून एक नाहीशी होत असल्याचे पाहून यंत्र बंद करण्यात आले, तोवर बराचसा भाग गेला होता. राखीव प्रती तपासता त्याही सदोष निघाल्या. एक तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करीत असल्याने तिच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तीवरून बहुतेक काम परत मिळाले. (पुढे कथाच बदलल्याने त्यातले पुष्कळसे काम तसेही टाकून देण्यात आले.) ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम यंत्राऐवजी मुख्य यंत्रावरील निर्देशिका काढण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबविली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते. अखेरीस सुमारे सहा तासांची विदा कायमची गेली. कंपनीने घटनेचा सविस्तर वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला, ही गोष्ट या क्षेत्रात विरळा आहे. संपूर्ण वृक्षाच्या मुळावरच आरएम चालविण्यास सोलॅरिस १० (२००५) सारख्या प्रणालींनी नकार दिला आणि हा नकार आता सार्वत्रिक आहे. त्याखालील निर्देशिकांना मात्र असे संरक्षण नाही. जाणते व्यवस्थापक प्रथम आरएमच्या जागी ‘एको’ ही नुसती नावे छापणारी आज्ञा लिहून ओळ चालवून पाहतात आणि यादी वाचल्यावर शब्द बदलतात.

प्रक्रियांची व्यवस्था : चालू प्रक्रियांची यादी ‘पीएस’ देते व त्यांस संकेत धाडण्याचे काम ‘किल’ करते. किल हे नाव भयंकर असले, तरी ती केवळ निरोप पोचविते. काही क्रमांक न दिल्यास १५ व्या क्रमांकाचा, ‘आवरते घ्या’ अशा अर्थाचा संकेत जातो. प्रक्रिया तो ऐकून फाइली नीट बंद करू शकते. ९ व्या क्रमांकाचा संकेत तिच्यापर्यंत पोचतच नाही. गाभाच तिला संपवितो आणि अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. प्रथम नऊचाच वापर करण्याची सवय म्हणूनच वाईट समजली जाते. पहिल्या क्रमांकाचा संकेत दूरध्वनीची तार तुटल्याचा आहे. दूरमुद्रकाचा संपर्क सुटला की त्यावरून सुरू केलेली कामे थांबावीत, हा त्याचा मूळ हेतू होता. रात्रभर चालणारे काम या संकेतापासून वाचविण्यासाठी ‘नोहप’ ही आज्ञा वापरतात. दूरध्वनीवरून जोडलेली दूरमुद्रके इतिहासजमा झाली, तरी ही आज्ञा टिकली आहे.

पीएस व ग्रेप नळीने जोडून एखादी प्रक्रिया नावाने शोधण्याची ओळ प्रत्येक व्यवस्थापकास पाठ असते. तीत नवशिक्यास चकविणारी एक गोष्ट घडते : शोधणारी ग्रेप स्वतःही एक प्रक्रिया असल्याने व तिच्या ओळीत तेच नाव असल्याने ती स्वतःलाच शोधून काढते. नावाचे पहिले अक्षर चौकटी कंसात लिहिले की हे टळते. कंसातील एका अक्षराची पदावली त्या अक्षराशीच जुळते, पण ग्रेपच्या स्वतःच्या ओळीत कंस असल्याने ती ओळ मात्र जुळत नाही. सोलॅरिस ७ (१९९८) मध्ये ‘पीग्रेप’ व ‘पीकिल’ या आज्ञा आल्यावर ही युक्ती अनावश्यक झाली. सवयीने ती अजून वापरली जाते. नावसाधर्म्यामुळे होणारा अपघातही सांगण्याजोगा आहे. लिनक्सवर ‘किलऑल’ दिलेल्या नावाच्या प्रक्रिया थांबविते; सिस्टिम ५ परंपरेतील युनिक्सवर त्याच नावाची आज्ञा यंत्र बंद करण्यापूर्वी साऱ्याच प्रक्रिया थांबविण्यासाठी आहे. लिनक्सवर शिकून तेथे गेलेल्या व्यवस्थापकांनी याचा अनुभव घेतला आहे.

फाइल व प्रक्रिया यांचा संबंध एका ठिकाणी विशेष स्पष्ट होतो. आरएम फाइलीचे फक्त नाव पुसते. शेवटचे नाव जाऊन ती कोणत्याही प्रक्रियेने उघडलेली नसेल, तेव्हाच चकतीवरील जागा मोकळी होते. त्यामुळे अवाढव्य नोंदवही-फाइल काढून टाकली, तरी चकती भरलेलीच दिसते, कारण ती लिहिणारी प्रक्रिया अजून तिला धरून असते. पर्ड्यू विद्यापीठात व्हिक एबेल यांनी लिहिलेली ‘एलएसओएफ’ अशा नाव गेलेल्या फाइली व त्यांचे धारक दाखविते.

मालिकेतील कोणती आज्ञा फसली, हे मात्र पूर्वी सहज कळत नसे. शेल केवळ शेवटच्या आज्ञेचे यशापयश सांगते. विदासंग्रहाची राखीव प्रत काढून ती दाबून साठविण्याच्या ओळीत पहिलीच आज्ञा फसली, तर दुसरी रिकामा मजकूर यशस्वीपणे दाबते आणि प्रत झाल्याची नोंद होते. हा दोष प्रत नसल्याचे उघड होईपर्यंत, म्हणजे तिची गरज पडेपर्यंत दडून राहतो. ‘पाइपफेल’ हा त्यावरील उपाय प्रथम काही शेलमध्ये व २०२४ मध्ये मानकात आला.

देवनागरी मजकूर : या आज्ञा सात बिटांच्या अमेरिकन वर्णसंकेतासाठी लिहिलेल्या होत्या. सातव्या आवृत्तीतील बोर्न शेल आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरी. त्यामुळे ज्या संकेतांत तो बिट अर्थपूर्ण आहे ते बिघडत. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ मधील इस्की संकेतात भारतीय लिप्यांची अक्षरे नेमकी या वरच्या अर्ध्या भागात होती. सप्टेंबर १९९२ मध्ये टॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ हा संकेत रचला. त्यात बहुबाइट अक्षराच्या पोटात रोमन अक्षर, तिरपी रेघ किंवा नवी ओळ यांचा बाइट कधीच येत नाही. परिणामी देवनागरी नावाच्या फाइली व मराठी मजकूर जुन्या नळ्यांतूनही बव्हंशी सुखरूप वाहतो.

मोजणी व क्रम यांबाबत मात्र सावध राहावे लागते. ‘मराठी’ हा शब्द वाचकास तीन अक्षरांचा वाटतो. ‘डब्ल्यूसी’ ही मोजणारी आज्ञा मात्रा वेगळ्या धरून पाच चिन्हे, तर बाइट विचारल्यास पंधरा सांगते. ‘सॉर्ट’ भाषेची निवड न केल्यास संकेतांकांच्या क्रमाने लावते आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये बसतो; म्हणून ‘काळा’ हा शब्द ‘कावा’च्या आधी येतो, मराठी कोशात मात्र तो नंतर हवा. मॅकिलरॉय यांची १९८६ ची मालिका अक्षर म्हणजे ‘ए’ ते ‘झेड’ एवढेच समजते. मराठी लेखावर ती चालविली असता देवनागरीतील प्रत्येक अक्षर तिला विभाजक वाटते आणि प्रदानात केवळ लेखात कोठे आलेले रोमन शब्द उरतात. पहिल्या आज्ञेत वर्णमर्यादा बदलू पाहावी, तर ग्नू प्रकल्पाची ‘टीआर’ दीर्घकाळ बाइटच ओळखत आली असल्याने तेथे ‘सेड’ किंवा ‘पर्ल’ या भाषेचा आधार घ्यावा लागतो. पुढील टप्पे, मराठीस लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने दुसरा वगळून, होते तसेच ठेवता येतात.